प्रोटीनकाका

हैदराबादेतल्या काचीगुड्याच्या मराठी घरांत हा नमुना हल्ली हमखास भेटतो. सेवानिवृत्त, साखर 'जरा काठावर', आणि नाश्त्याला बसला की आधी ताटाचा फोटो. परवा काकांच्या मोबाइलमधल्या एआयने थालीपीठ पाहून 'मल्टिग्रेन पॅनकेक' असं निदान केलं आणि गोंगुऱ्याच्या पचडीला पालक ठरवलं.

"अहो, अंबाडी आहे ती," काकू म्हणाल्या.

"असू दे, नोंद झाली!"

खरं तर याच शहरात, तारनाक्याला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. बेरीबेरीच्या शोधासाठी 1918 साली कुन्नूरला सुरू झालेलं हे काम 1958 मध्ये हैदराबादला आलं. 2017 मध्ये संस्थेने 528 भारतीय खाद्यपदार्थांची पोषणकोष्टकं छापली. दिवसभराच्या 2000 कॅलरीच्या ताटात भाज्या 400 ग्रॅम, धान्य 250 ग्रॅम, तेलतूप 27 ग्रॅम, असा हिशेबही तिने मांडून ठेवलाय. काका तारनाक्याला जातात ते साडूकडे जेवायला. संस्थेचा विषय काढला तर म्हणतात, "ते सगळ्या देशासाठी आहे हो. माझं पर्सनल आहे!"

या पर्सनलची खुबी मला नंतर कळली. "मधुमेह्याने उस्मानिया बिस्किट खावं का?" याला एआयने नकार दिला. काकांनी प्रश्न फिरवला. "तासभर चालून आल्यावर, बिनसाखरेच्या चहाबरोबर, अर्धं चालेल का?" यंत्र सभ्य, म्हणालं, क्वचित चालेल. त्यातलं 'क्वचित' आणि 'अर्धं' इराण्याच्या हॉटेलात पोचेपर्यंत गळून पडलं. डॉक्टरपाशी खोटं बोलायला निदान चेहरा सांभाळावा लागतो, रक्ताचा रिपोर्टही आडवा येतो. इथे नुसतं टाइप केलं की झालं. घरी कुणी टोकलं तर उत्तर तयार: "नक्को बोलू, एआयने सांगितलंय."

काकूंनी वाद घातला नाही. दुपारी काका घोरत असताना त्यांनी मोबाइल घेतला आणि त्याच खात्यात, मराठीतच, यजमानांचं खरं वय, खरी साखर, चारचौघांपासून लपवलेले चहा आणि त्यासोबतची बिस्किटं, असं सगळं बयाजवार भरलं. संध्याकाळी काका उठून बघतात तो रात्रीला ज्वारीची एक भाकरी, मुगाची उसळ, भाजी वाटीभर, आणि शेवटी सूचना: गोड बंद, लवकर डॉक्टरांना दाखवा.

"याला काही कळत नाही," काका म्हणाले.

आता त्यांनी दुसरं खातं उघडलंय. त्यात वय 52 लावलंय आणि 'अविवाहित' लिहिलंय.