पंधरा किलोंत समुद्र

चौलच्या माणसाला समुद्राचा तळ बघायचा असेल, तर त्याला आधी विमानात बसावं लागतं. हे मी आमच्या आळीत सांगून पाहिलं, कुणाला पटलं नाही. समुद्र आमच्या वाडीपासून हाकेच्या अंतरावर, आणि हा गृहस्थ समुद्र बघायला अंदमानला निघालाय म्हटल्यावर लोकांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या बायकोकडे सहानुभूतीने बघितलं. आग्रावचा एक कोळी तर सरळच म्हणाला, "मामा, बुडायचंच हाय तर हितं काय कमी हाय?"

कमी काहीच नाही. उलट जास्तच आहे, गाळ. कुंडलिका रोह्याकडून जे काही घेऊन येते ते खाडीच्या तोंडाशी आणून टाकते, आणि भरती-ओहोटी ते रोज दोनदा नेमाने ढवळते. पाण्यात कोपरापर्यंत हात घातला की पुढचा पंजा आपला आहे हे विश्वासानेच मानायचं. बरं, तळाशी जाण्याची प्रथा इथे नवीन नाही. मार्च १५०८ मध्ये इजिप्तच्या मामलुकांचं आरमार आणि दीवचा मलिक अयाझ यांनी मिळून पोर्तुगीजांना इथेच गाठलं. त्या धुमश्चक्रीत व्हाइसरॉयचा मुलगा लॉरेन्सो द आल्मेदा याचं जहाज मासेमारीसाठी रोवलेल्या खुंटांत अडकलं आणि त्याच्यासकट बुडालं. इतिहासकार श्रेय तोफांना देतात. खुंट कुणी रोवले होते, याची चौकशी त्यांनी केलेली नाही. असं नामांकित जहाज घराजवळ बुडालेलं असून तिथे डोकं खाली घातलं तर नाकात चिखल जाण्यापलीकडे काही घडणार नाही.

म्हणून अंदमान. आणि अंदमान म्हणजे माझी भाची. ती तारकर्लीला एमटीडीसीच्या केंद्रात स्कूबा शिकली आणि पहिल्या पगारात तिने सोनं न घेता स्वतःचं सामान घेतलं. घरात यावर जे काही झालं ते मी सांगत नाही. वाद मिटवला तो आमच्या आईने, म्हणजे तिच्या आजीने. हे सामान तिकडे भाड्याने मिळतं ना, असं कुणीतरी विचारलं, तेव्हा भाची म्हणाली, "मिळतं की. पण श्वास घ्यायचं तोंडात धरतात ते आजी, रोज वेगवेगळी माणसं वापरतात." आईने कानावर हात ठेवले. "दुसऱ्याचं उष्टं? नको गं बाई. घेतलंस ते बरं केलंस."

माझी निवड मात्र गुणवत्तेवर झाली नव्हती. देशातल्या विमानात साधारणपणे माणशी पंधरा किलो पोटात आणि सात किलो हातात, असा हिशेब असतो. भाचीच्या सामानाला पंधरा पुरेनात. घरात रिकामे पंधरा किलो असलेला, निवृत्त आणि पोहता येणारा माणूस मी एकटाच होतो. पोहणं शेवटी कामाला आलं नाही. किलो आले.

बांधाबांध पडवीत झाली. सगळ्यात खाली गेली ती हवा भरायची बंडी. तिला बीसीडी म्हणतात. पाण्यात हिच्यात हवा भरली की माणूस वर येतो, सोडली की खाली जातो. बॅगेत जाताना मात्र तिच्यात चिमूटभरही हवा नको. भाचीने एक खटका दाबून धरला आणि मला म्हणाली, "मामा, बस हिच्यावर." मी बसलो. बंडीने असा काही लांबलचक आवाज काढला की ओटीवर पेपर वाचणारे शेजारचे अण्णा उठून घरी गेले. ते त्या दिवसापासून माझ्याशी जरा जपून बोलतात.

मग पायात घालायचे फिन्स. त्यांची लांबी बॅगेत फक्त तिरकीच बसते, आणि ते तिरके बसले की बाकी सगळं जग त्यांच्या सोयीने बसवावं लागतं. फिनच्या टाचेच्या खोबणीत नियोप्रीनचे बूट, बुटांत मोजे, मोज्यांत टॉर्चचं झाकण. रबरी सूट घडी घालायचा नाही, सुरळी करायची. घडी पडली की तिथेच तो चिरतो म्हणे. काचेचा मास्क त्याच्या डबीत, डबी सुटाच्या सुरळीत. चाकू खाली जाणाऱ्या बॅगेत, विमानात हाताशी नाही. टॉर्चचं उलट आहे. तिची लिथियमची बॅटरी काढून, टोकांना चिकटपट्टी लावून हातातल्या बॅगेत ठेवायची, कारण ती तापली तर माणसांच्या डोळ्यांसमोर तापलेली बरी. आणि रेग्युलेटर, ज्यातून श्वास घ्यायचा तो, नळ्यांचं भेंडोळं, तोही हातातच. त्याला धक्का लागला तर तीस मीटर खाली तक्रार करायला कुणी नसतं.

"आणि ते मोठं नळकांडं?" आईने विचारलं.

नळकांडं तिकडेच भाड्याने घ्यायचं असतं. ॲल्युमिनियमचं रिकामं सिलिंडरच चौदा किलोंच्या घरात भरतं, आणि विमानात न्यायचं तर ते रिकामं आणि उघडं न्यावं लागतं. शिवाय त्यात ऑक्सिजन नसतो, आपलीच साधी हवा असते, दोनशे बारच्या दाबाने कोंबलेली. एका सिलिंडरमधली ती हवा अडीच किलोंच्या वर भरते. हे ऐकल्यापासून आईने माझ्याकडे बघण्याची नजर बदलली. "म्हणजे तू बसलास तेव्हा काहीतरी कमी झालंच असेल," ती म्हणाली.

वजनाला सुपारीवाल्याकडून ताणकाटा आणला. तो पडवीच्या वाशाला टांगला, त्याला बॅग टांगली. वासा करकरला. काटा सोळाच्या पुढे जाऊन सतराकडे बघत थांबला. भाचीने मोजे काढले, सोळाच. शाम्पू काढला, सोळाच. बॅग हलत राहिली की काटा हलतो म्हणून आम्ही तिघं श्वास रोखून उभे. शेवटी भाचीने माझ्या बॅगेतून माझे दोन सदरे, लेंगा आणि एक जाडजूड कादंबरी काढली आणि तिथे पाण्याखालच्या कॅमेऱ्याची पेटी ठेवली. सदऱ्यांशिवाय अंदमानात कसं भागणार, असं मी विचारलं. "तिथे तू सूटमध्ये असशील मामा." लेंग्याचा उल्लेख कुणीच केला नाही.

आमच्या चौलच्याच बंदरात १४७० च्या आगेमागे अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी उतरला होता. रेवदंड्यात शाळेच्या आवारात त्याचं स्मारक आहे, आणि १९५७ च्या 'परदेसी' सिनेमात त्याच्याबरोबर नर्गिस होती. त्याच्या सामानाकडे मात्र कुणी नीट लक्ष दिलेलं नाही. तो एक घोडा घेऊन आला होता. होर्मुझकडून, उघड्या गलबतातून, समुद्र ओलांडून. इथे घोडे पैदा होत नाहीत, चांगल्या भावाला जातील, असा त्याचा हिशेब. त्यावर त्याचे शंभर रुबल खर्ची पडले. इथे घोड्यांना हरभरे आणि साखर घालून खिचडी देतात, हेही त्याने लिहून ठेवलंय. चौलहून पालीमार्गे तो जुन्नरला पोचला, आणि तिथल्या असदखानाने घोडा जप्त केला. धर्म बदललास तर घोडा आणि वर हजार मोहरा, नाहीतर घोडा गेला आणि उलट हजार मोहरा तूच भर. मुदत चार दिवस. शेवटी खुरासानच्या एका ख्वाजाने मध्यस्थी केली म्हणून घोडा आणि धर्म दोन्ही सुटले. जादा सामानाचा दर तेव्हापासून पुष्कळ उतरलाय, हे मान्य करायला हवं.

चौल नाक्यावर सहा आसनी रिक्षावाल्याने बॅगा टपावर बांधताना विचारलं, "बँजो पार्टी का?" फिनचं टोक चेनमधून बाहेर आलं होतं. मांडव्याहून बोटीत बसलो, तर गेटवेपर्यंत सीगल पक्ष्यांना शेव टाकणाऱ्या एका कुटुंबाने आमच्याकडे बघून आपली पिशवी जवळ ओढली. टॅक्सीवाल्याने डिकीत बॅग ठेवताना कमरेत हात घातला आणि मीटरकडे जरा जास्त वेळ बघितलं. इथपर्यंत सगळं सुरळीत.

विमानतळावर हातातली बॅग यंत्रातून गेली आणि यंत्रासमोर बसलेल्या जवानाने मान वाकडी केली. मग दुसऱ्याला बोलावलं. त्यानेही मान वाकडी केली. पडद्यावर नळ्या, नळ्यांच्या टोकाला तोंडं, मधे पितळेचा गोळा.

"ये क्या है?"

"साँस लेने का है," भाची म्हणाली.

जवानाने माझ्याकडे बघितलं. मी म्हातारा, थोडा धापा टाकत होतो. "अंकलजी के लिए?"

"नहीं, मेरे लिए. समुंदर के अंदर."

"और सिलिंडर?"

"वहाँ मिलेगा."

त्याने रेग्युलेटर उचलून उलटसुलट बघितला, एकदा तोंडाजवळ नेण्याचा मोह झालेला स्पष्ट दिसला, पण त्याने तो ड्यूटीवर असल्यामुळे आवरला. "जाइए." भाची नुसती फुलून गेली. नियम वाचून बांधलेलं सामान असं जातं मामा, हे तिने मला तीन वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं.

तेवढ्यात माझ्या नावाची घोषणा झाली. तिच्या नाही, माझ्या.

खाली गेलेल्या माझ्या बॅगेत आक्षेपार्ह वस्तू सापडली होती. मी मनातल्या मनात चाकू, कॅमेरा, बॅटऱ्या असं सगळं मोजलं. बॅग उघडली. अधिकारी बाईंनी हातमोजा घालून नियोप्रीनच्या बुटात हात घातला आणि एकेक करून बाहेर काढल्या खोबऱ्याच्या वाट्या. सुक्या, पिवळट, आमच्याच वाडीतल्या. डाव्या बुटात दोन, उजव्या बुटात तीन. आईने रात्री ताणकाटा परत गेल्यावर भरल्या होत्या. "पोरगी दिवसभर पाण्यात राहणार, तेल लागतं अंगात."

फूटभर लांबीचा चाकू तिथेच, मास्कच्या शेजारी, निवांत पडला होता. त्याकडे बाईंनी बघितलंही नाही, आणि त्यांचं बरोबर होतं. चाकू पोटातल्या बॅगेत चालतो. सुकं खोबरं २०२२ पासून चालत नाही. ते जात्याच तेलकट. कोंडून ठेवलं की आपोआप तापतं आणि पेटूही शकतं, म्हणून जगभरच्या विमान कंपन्यांच्या धोकादायक मालाच्या यादीत खोबऱ्याला स्वतःचा नंबर आहे, १३६३. ओल्या नारळाची गोष्ट वेगळी, पण त्यालाही हातातल्या बॅगेत मज्जाव. मध्यंतरी शबरीमलाच्या यात्रेकरूंना तेवढ्या हंगामापुरती, २० जानेवारी २०२५ पर्यंत, इरुमुडीतला नारळ जवळ ठेवायची सवलत दिली होती. आम्ही दत्ताच्या डोंगराखालचे, आम्हाला ती लागू नव्हती. मी फोन करून आईला सांगितलं. ती म्हणाली, "माझ्या सासूच्या काळापासून माळ्यावर खोबरं आहे. एक दिवस पेटलं नाही. त्यांच्या विमानातच काहीतरी असेल."

वाट्या पाचही तिथेच राहिल्या. बॅग साडेचौदा किलो झाली, हा त्यातला फायदा.

चेन्नईला विमान बदललं तेव्हा आमच्याभोवती ठाण्याचा एक मोठा ग्रुप होता, सगळ्यांच्या डोक्यावर एकाच रंगाच्या टोप्या, सेल्युलर जेल बघायला निघालेले. उतरलो तो विमानतळ सावरकरांच्या नावाचा. ८ जुलै १९१० ला मार्सेयच्या बंदरात त्यांनी समुद्रात उडी टाकली ती कुठल्याही सामानाशिवाय. पट्ट्यावरून आमच्या बॅगा येईपर्यंत हे मला फार प्रकर्षाने आठवत राहिलं.

फेरीने स्वराज द्वीपला, म्हणजे जुन्या हॅवलॉकला पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी काठावर भाचीने सूट चढवला, बंडी घातली, मास्क कपाळावर नेला. मग तिथल्या पोराने एक पट्टा आणला आणि तिच्या कमरेला शिशाचे ठोकळे ओवायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार.

"हे काय?" मी विचारलं.

"वजन, मामा. सुटात हवेचे बारीक बुडबुडे असतात, तो तरंगतो. वजन नसेल तर खालीच जाता येत नाही."

"किती?"

"पाच किलो."

पाच किलो. माझे सदरे मिळून पाव किलोसुद्धा नव्हते. ग्रॅम ग्रॅम करून, श्वास रोखून, लेंगा घरी ठेवून आम्ही जे उतरवलं होतं, ते सगळं इथे भाड्याने, शिशाच्या रूपात, तिच्या कमरेला परत आलं. शिसं घरून आणायचं नसतं हे मात्र खरं. ते आणणारा माणूस अजून तिकिटाच्या खिडकीपाशीच उभा असेल.

ती खाली गेली. मी काठावर बसून बुडबुडे मोजले. वर आल्यावर तिने सांगितलं की खाली पोपटमासे प्रवाळ कुरतडत होते आणि त्याचा कुरुमकुरुम आवाज चक्क ऐकू येतो. ते पाणी इतकं स्वच्छ होतं की काठावरून मलाही तिचे निळे फिन्स दिसत होते. आमच्या खाडीत ते कमरेइतक्या पाण्यात हरवले असते.

परतीच्या आधी अठरा तास डायव्हिंग नाही. खाली दाबात रक्तात मुरलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ द्यावा लागतो, नाहीतर विमान वर गेलं की तो सोड्यासारखा फसफसतो. भाचीच्या मनगटावरच्या कॉम्प्युटरवर तोवर काट मारलेलं छोटं विमान दिसत होतं. माणसातला नायट्रोजन अठरा तासांत सुटला. सुटातलं पाणी नाही. जानेवारी असून हवा ओलीच, दोरीवर टांगलेला सूट दोन्ही रात्री टपटपत राहिला. बूट तर पिळले की पुन्हा भरल्यासारखे.

विमानतळावरच्या काट्यावर तिची बॅग अठरा किलो चारशे. किलोमागे भरायचे पैसे ऐकून भाचीने शांतपणे चेन उघडली आणि मला बाजूला घेतलं. अंगावर घातलेल्या कपड्यांचं वजन करत नाहीत, हा नियम तिने वाचलेला होता.

विमानात मी मधल्या खुर्चीवर बसलो. सदऱ्यावर रबरी जाकीट, पायात नियोप्रीनचे बूट, आणि बुटांतून गालिच्यावर हळूहळू पसरणारं हॅवलॉकचं पाणी. खिडकीशी ठाण्याच्या ग्रुपमधल्या एक काकू होत्या. त्यांनी माझ्या बुटांकडे बघितलं, जाकिटाकडे बघितलं, खिडकीबाहेरच्या समुद्राकडे बघितलं.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "तुम्हाला काही कळलंय का विमानाबद्दल?"

नाही नाही, असं मी म्हणेपर्यंत त्यांनी वाकून सीटखाली हात घातला होता आणि लाइफ जॅकेट जागेवर आहे का ते चाचपत होत्या.