नाक कुठं लावायचं?

कसाऱ्याच्या ढाब्यावर गॅसगळतीचं यंत्र बसवायला निघालात? मग खोक्यातली पुस्तिका आधी खिशात घाला. उघड्यावर राहिली तर शेठ ती डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारतात आणि नेमकं नळ्यांचं पान तेलकट होतं.

काम सोपं दिसतं. यंत्र गल्ल्यामागच्या भिंतीवर, सिलिंडर मागच्या खोलीत. यंत्रातला छोटा पंप एका नळीतून त्या खोलीतली हवा ओढतो, आतला सेन्सर ती हुंगतो आणि उष्टी हवा दुसऱ्या नळीनं बाहेर जाते. ब्रिटनच्या कोळसा खाणींत १९८६ पर्यंत हेच काम पिंजऱ्यातले कॅनरी पक्षी करत. त्यांना नळी लागत नसे. आपल्याला दोन लागतात, आणि घोळ घालायला दोन पुष्कळ झाल्या.

पहिला वाद नळीच्या तोंडावरून होणार. शेठ दाराच्या चौकटीवर बोट ठेवतील. "इथं लाव भाऊ, गिऱ्हाइकाच्या नजरेत येणार नाही." मान डोलवा आणि खाली वाका. १९ किलोच्या लाल-निळ्या सिलिंडरमधला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेन, हवेच्या दीडपट ते दुप्पट जड. गळला की तो जुलैतल्या पाण्यासारखा फरशीवर पसरतो, मोरीत उतरतो, उंबऱ्याशी तुंबतो. हवेत साधारण दोन टक्के मिसळला की एक ठिणगी पुरते. चौकटीवरच्या नाकाला त्याचा वास लागेपर्यंत खोली गळ्यापर्यंत भरलेली असेल. म्हणून तोंड फरशीपासून फूटभरावर, जोडण्यांच्या जवळ, खालच्या बाजूला वळवलेलं. अगदी फरशीला टेकवू नका; रोज रात्री पोऱ्या बादली ओततो आणि यंत्र साबणाचं पाणी पितं. (सीएनजीचं उलटं. मिथेन हवेच्या जवळपास निम्म्या वजनाचा, तो छताकडे पळतो. तिथं शेठचं बोट बरोबर ठरलं असतं.)

आता नळी. दुकानदार म्हणेल, जाड घ्या, हवा मोकळी येईल. इथं थांबून हिशेब करा. आतून ४ मिलिमीटरची, ३० मीटर लांब नळी घेतली तर तिच्यात साधारण ३७५ मिलिलिटर हवा मावते. पंप मिनिटाला अर्धा लिटर ओढत असेल तर गॅस यंत्रापर्यंत यायला ४५ सेकंद लागतात. तीच नळी आतून १२ मिलिमीटरची घेतली तर जवळजवळ सात मिनिटं. तेवढ्यात हायवेवरचा ट्रकवाला मिसळ संपवून बडीशेप मागतो. तेव्हा बारीक नळी, कमीत कमी लांबी, आणि टेफ्लॉनची. साधी रबरी नळी गॅस स्वतःतच मुरवते, मग सावकाश सोडते. खोलीतला गॅस गेला तरी बझर बोंबलत राहतो.

नळीला झोळ देऊ नका. घाटातलं धुकं आत शिरलं की झोळात पाणी साचतं आणि पंप हुक्का ओढल्यासारखा गुडगुडतो. यंत्राकडून तोंडाकडे सलग उतार ठेवा, यंत्राच्या आधी फिल्टर आणि पाणी अडवणारी बाटली लावा. भोकं बुजवायला सिलिकॉनची ट्यूब काढाल तर हातावर मारून घ्या. तिची वाफ ओढली की उत्प्रेरकी सेन्सर आंधळा होतो, आणि दिवा मात्र हिरवाच राहतो.

उष्ट्या हवेच्या नळीकडे कुणीच बघत नाही. मी पण बघितलं नव्हतं. मागचं महत्त्व कसाऱ्याला राहणाऱ्याला खरं तर सांगायला नको. १८६५ पासून गाड्या सदतिसास एक अशा चढानं इगतपुरीला जातात, आणि पुढचं इंजिन पुरत नाही म्हणून मागून बँकर इंजिनं रेटतात. आपल्या पंपाला बँकर नाही. मागं जरा अडलं की तो दमतो. माझ्या पहिल्या कामात पावसाळा संपता संपता यंत्र रोज 'प्रवाह कमी' म्हणून ओरडू लागलं. मी फिल्टर बदलला, पंप उघडला, नळी फुंकली. शेवटी ढाब्याच्या आचाऱ्यानं, वस्तादानं, बाहेर जाऊन सळईनं नळीच्या टोकातून मातीचा गोळा काढला: कुंभारमाशीचं घर, आत हिरवी अळी. "तुमचं यंत्र हिला नाही हुंगत?" असं त्यानं विचारलं. तेव्हापासून बाहेरचं टोक खाली वळवून बारीक जाळी लावतो. ते टोक भट्टीच्या धुराड्यात खुपसू नका, आणि पोरं विडी ओढायला जमतात त्या कोपऱ्यात तर नाहीच.

चाचणी यंत्रापाशी लायटरचा गॅस सोडून करू नका. त्यानं सेन्सर बिघडू शकतो आणि नळीबद्दल काही कळत नाही. चाचणीचा गॅस मागच्या खोलीत नळीच्या तोंडाशी सोडा आणि शेठना गल्ल्यावर उभं करून मोठ्यानं आकडे मोजायला सांगा. आमचे शेठ तिसापर्यंत आले आणि म्हणाले, "पैसे परत." एक्केचाळीसला बझर वाजला.

राहिला प्लग. दुसऱ्या दिवशी तो निघालेला असतो आणि त्याजागी वस्तादाचा मोबाइल चार्ज होत असतो. म्हणून यंत्राची वायर थेट जोडा, आणि शेजारी मोबाइलसाठी वेगळा सॉकेट द्या. त्याचे पैसे बिलात लावू नका.