संचालक मंडळांना भेंडवळचं जाहीर निमंत्रण

शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांच्या संचालक मंडळांस,



आपले शाश्वततेचे अहवाल वाचले. सेबीने 2022-23 पासून ते सक्तीचे केले, त्यामुळे आपण पाणी किती वापरलं, वीज किती जाळली, सगळं कळतं. मग त्याच अहवालातलं सातवं तत्त्व आलं : सरकारी धोरणावर प्रभाव टाकायचा तर तो जबाबदारीने आणि पारदर्शकपणे टाकावा. त्याखाली आपण कोणत्या उद्योग संघटनांचे सभासद आहात, ती दहा नावं दिलीत. पण सरकारकडे मागितलं काय, तो रकाना म्हणे ऐच्छिक.

आमच्या नशिबी ऐच्छिक रकाना नाही. सोयाबीन पाण्याखाली गेलं की भरपाईसाठी सातबारा, आधार, फार्मर आयडी, शिवाय ई-पीक पाहणीसाठी शेतात उभं राहून काढलेला फोटो. आणि काय हवंय, ते तर आम्ही रस्त्यावर बसून ओरडून सांगतो.

आमच्या जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळची घटमांडणी, म्हणजे पीकपाण्याचं भाकीत, ऐकून असाल. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी शेतात वर्तुळ आखून अठरा धान्यं मांडतात, मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं. रात्री तिकडे कुणी फिरकत नाही. पहाटे कोणता दाणा किती सरकला, ते मांडणी करणारे वाघ महाराज भरल्या गर्दीत सांगतात. (अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी रागावू नये, भाकीत खरं ठरतं असं मी म्हणत नाही. सांगतात उघड्यावर, एवढंच म्हणतो.)

दिल्लीतल्या मांडणीतही दाणे सरकतात. डिसेंबर 2015 मध्ये सरकारने औष्णिक वीजकेंद्रांना धुरातला सल्फर डायऑक्साइड दोन वर्षांत आवरा म्हणून सांगितलं. मुदत सरकत राहिली, आणि जुलै 2025 मध्ये बहुतेक केंद्रांना त्या मर्यादेतून सूटच मिळाली. शेगावहून रेल्वेने अकोल्याकडे निघालं की वाटेत पारसच्या औष्णिक केंद्राची धुराडी दिसतात. मुदत कुणी सरकवली, ते त्यांना विचारून काय कळणार? तो झाला हवेचा नियम. हवामानाचं म्हणाल, तर ऑक्टोबर 2025 मध्ये सिमेंट, अॅल्युमिनियम वगैरे कारखान्यांना उत्सर्जनाची उद्दिष्टं ठरवून दिली. मसुदा एप्रिलचा. मधल्या सहा महिन्यांत आपापल्या संघटनेमार्फत कोणी काय लिहून पाठवलं?

तेव्हा येत्या अक्षय तृतीयेला या. सरकारला पाठवलेल्या निवेदनाची एकेक प्रत आणा, अंबाडी आणि करडईच्या मध्ये ठेवू. पहाटे मोठ्याने वाचायला माणूस आमचा.

आपला,
सर्व रकाने भरलेला एक शेतकरी

ता. क. : प्रवासखर्च 'पर्यावरण जनजागृती'त दाखवलात तरी चालेल.