शंभर सेकंद

पुण्यातल्या एका बँकेत अधिकारी असलेल्या गृहस्थांना गेल्या वर्षी साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला 2 तास 1 मिनिट 40 सेकंद लागले. पन्नाशीला टेकलेला माणूस यवतेश्वरचा घाट पळत चढतो, पळत उतरतो आणि एवढ्या वेळात परत येतो, हे कौतुकाचंच. सोसायटीने गणपतीत शाल-श्रीफळ देऊन ते केलंही. सत्काराला उत्तर द्यायला साहेब (सोसायटीत त्यांना सगळे साहेबच म्हणतात) उभे राहिले आणि खिन्नपणे म्हणाले, "शंभर सेकंद राहिले." समोरच्या खुर्च्यांवरच्या मंडळींना वाटलं, भाषणाची वेळ संपत आली.

तेव्हापासून साहेब दोन तासांच्या वरचे ते शंभर सेकंद शोधताहेत.

शर्यत आहेच तशी. पावसाळ्यात, ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमाराला, सातारा शहरातून निघायचं, समर्थ मंदिराच्या अंगाने घाटाला लागायचं, कासच्या रस्त्यावर वरपर्यंत जाऊन वळायचं आणि आल्या वाटेने खाली यायचं. 2015 साली डोंगरावरच्या शर्यतीत सर्वाधिक माणसं धावल्याबद्दल हिचं नाव गिनेस बुकात गेलं. साहेबांचे नातेवाईक दर वर्षी विचारतात, "मग कासची फुलं पाहिलीत की नाही?" कासचं पठार वळणाच्या जागेपासून बरंच पुढे आहे, आणि ते वाटेत असतं तरी साहेबांनी घड्याळावरची नजर काढली असती असं नाही.

अर्धा रस्ता चढ, अर्धा उतार, म्हणजे हिशेब बरोबरीत सुटेल असं ज्यांना वाटतं ते घाटात पळालेले नसतात. चढावर घालवलेला वेळ उतारावर पुरता वसूल होत नाही. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार झेलतात, प्रत्येक पावलाला ब्रेक लावतात. या श्रमाचं बिल लगेच येत नाही. ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं. गेल्या वर्षी मंगळवारी साहेब बँकेचा जिना उलटे तोंड करून उतरत होते आणि शिपाई मागून, म्हणजे खरं तर पुढून, वाट करून देत होता.

शोधाची सुरुवात कागदावर झाली. हाफ मॅरेथॉन 21 किलोमीटरची असते असं लोक म्हणतात. प्रत्यक्षात ती 21.0975 किलोमीटरची. हे वरचे साडेसत्त्याण्णव मीटर कुठून आले? 1908 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू झाली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या आसनांसमोर संपली. अंतर भरलं 26 मैल 385 यार्ड. 1921 साली तेच अंतर कायमचं ठरलं. त्याच्या निम्मी आपली अर्धी. साहेबांच्या गतीने साडेसत्त्याण्णव मीटरना 33 सेकंद लागतात. डलहौसीने 1848 साली साताऱ्याचं राज्य खालसा केलं तेवढ्यावर इंग्रजांचं भागलं नाही, असं साहेबांचं मत आहे.

दुसरा धागा घड्याळात सापडला. गेल्या वर्षी त्यांच्या घड्याळाने अंतर 21.3 किलोमीटर दाखवलं होतं. आयोजकांनी रस्ता जास्त आखला, असा त्यांचा पहिला आरोप. मग त्यांनी अभ्यास केला. मान्यताप्राप्त शर्यतीचा मार्ग खास मापकयंत्र लावलेल्या सायकलवरून मोजतात, तोही सर्वांत जवळच्या रेषेने, वळणावर रस्त्याच्या कडेपासून जेमतेम 30 सेंटीमीटरवरून. शिवाय अंतर चुकून कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जादा धरतात. म्हणजे 21 मीटर आयोजकांचे, बाकीचे साहेबांचे स्वतःचे: प्रत्येक वळण बाहेरून घेतल्याचे, पाण्याच्या टेबलाकडे आडवे गेल्याचे, आणि एका ठिकाणी फोटोग्राफर दिसला म्हणून रस्ता ओलांडल्याचे. (डोंगराच्या कुशीत घड्याळाचा उपग्रहांशी संपर्क बिघडू शकतो, हे कुणी त्यांना सांगितलेलं नाही. मीही सांगणार नाही.) हे जास्तीचे दोनशे मीटर म्हणजे 69 सेकंद. अधिक इंग्रजांचे 33. एकूण 102. कागदावर साहेब 1 तास 59 मिनिटे 58 सेकंदांत पोहोचले आणि त्या रात्री त्यांना शांत झोप लागली.

सकाळी उठून बघतात तर राजघराण्याकडून वसुली होण्यासारखी नव्हती. मग बूट आले.

2017 साली नायकीने जाड फोमच्या पोटात कार्बनची पट्टी घातलेला बूट बाजारात आणला. नावातच 4 टक्के होते. मोठ्या शर्यतींमध्ये पटापट विक्रम होऊ लागले, तेव्हा 2020 साली जागतिक अॅथलेटिक्स संघटनेला रस्त्यावरच्या बुटाचा तळ 40 मिलिमीटरपेक्षा जाड नको असा नियम करावा लागला. साहेबांनी 4 टक्क्यांचा हिशेब आपल्या वेळेला लावला: 4 मिनिटं 52 सेकंद! ते 4 टक्के धावताना खर्च होणाऱ्या ऊर्जेतल्या बचतीचे आहेत, वेळेतले नाहीत, हे बूट घरी आल्यावर कळलं. त्यांची किंमत घरी निम्मी सांगितली, तरी आठवडाभर अबोला. पावसाने निसरड्या झालेल्या वळणावर त्या उंच तळावर पाय लचकेल की काय या भीतीने बूट अजून कोरडे आहेत. रोजचे जुने मात्र सरावाला जाऊन पुण्याजवळच्या बोपदेव घाटातून दर रविवारी भिजून येतात आणि त्यांच्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले असतात. शब्दकोडं सोडवणाऱ्या साहेबांच्या आईंचा कागद कुठे गेला, हा प्रश्न सोमवारी सुटतो.

मग वजन. चढावर प्रत्येक किलो उचलून न्यावा लागतो, म्हणून साहेबांनी जेवण कमी केलं आणि मोठ्या कष्टाने दीड किलो घालवला. इथे विज्ञान आडवं आलं. दीड तासापेक्षा लांब शर्यतीआधी दोन-तीन दिवस पिष्टमय पदार्थ भरपूर खावेत, म्हणजे स्नायूंत ग्लायकोजेन साठतं (हेच ते 'लोडिंग'), असं शास्त्र सांगतं. त्याचा पाया घातला तो बर्गस्ट्रोम आणि हुल्टमान या स्वीडनमधल्या दोन डॉक्टरांनी, 1966 साली. एकाच व्यायामाच्या सायकलीच्या दोन बाजूंना दोघे बसले, प्रत्येकाने एकाच पायाने पेडल मारलं, मग तीन दिवस भरपूर पिष्टमय खाऊन सुई टोचून मांड्यांतले नमुने काढले. दमलेल्या पायात साठा आराम केलेल्या पायापेक्षा कितीतरी जास्त निघाला. दोन डॉक्टर, एक सायकल आणि चारांपैकी दोन पाय बिनकामाचे: विज्ञानासाठी माणसं काय काय करतात! पण एक ग्रॅम ग्लायकोजेन साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं, तेव्हा घालवलेला दीड किलो शर्यतीच्या आदल्या दिवशी बराचसा परत येतो. त्यातून महिना श्रावणाचा.

"अहो, सोमवारी तुमचा उपास आहे की लोडिंग?" पत्नीने विचारलं.

"दोन्ही," साहेब म्हणाले, आणि साबुदाण्याच्या खिचडीची तिसरी वाटी पुढे केली.

आईंचा प्रश्न जुनाच आहे. "पळतोस ते ठीक, पण गाठायचंय कुणाला?" याला साहेबांकडे उत्तर आहे, ते घरात सांगता येत नाही. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या धावपटू अविनाश साबळेने 2020 साली दिल्लीत हाफ मॅरेथॉन 1 तास 30 सेकंदांत संपवली. साबळे दिल्लीच्या सपाट रस्त्यावर फीत तोडतो तेवढ्या वेळात साहेब घाटावरच्या वळणाशीही पोहोचलेले नसतात. साबळेशी त्यांचं काही वाकडं नाही. त्यांचं वाकडं आहे कोल्हापूरच्या एका दंतवैद्याशी. वयोगट तोच, गेल्या वर्षीची वेळ 2 तास 40 सेकंद. दोघे एकमेकांना कधी भेटलेले नाहीत. स्ट्राव्हा या धावणाऱ्यांच्या अॅपवर मात्र रोज एकमेकांच्या पळण्याला अंगठा दाखवतात. दंतवैद्य पहाटे साडेचारला पळाला की साहेब दुसऱ्या दिवशी चारला उठतात. मध्यंतरी त्याची चार दिवस नोंदच नव्हती. साहेबांना आधी काळजी वाटली, मग आनंद, मग संशय. तो पळणं लपवून ठेवत असेल! तेव्हापासून साहेबही आपली चढाची मेहनत लपवतात.

शेवटचे दोन आठवडे पळणं कमी करायचं असतं. धावणारे याला टेपर म्हणतात, घरचे शिक्षा. साहेबांना या काळात रोज नवीन ठिकाणी दुखतं, कुणी शिंकलं की ते दुसऱ्या खोलीत जातात आणि साताऱ्याच्या हवामानाचा अंदाज तासातासाला बघतात.

शर्यतीच्या दिवशी पहाटे मैदानावर हजारो माणसं छातीला नंबर टाचून उभी होती आणि प्रत्येक जण शेजाऱ्याला आपलं दुखणं सांगत होता. कुणाचा गुडघा, कुणाला परवापर्यंत ताप, कुणाचा ऑडिटमुळे सरावच नाही. साहेबांच्या बाजूला टाच चोळत उभा असलेला काटकुळा गृहस्थ बोलण्यावरून कोल्हापूरचा निघाला. आवाज ओळखीचा नव्हता. बूट फोटोत पाहिलेले होते.

"यंदा टाइमिंगचं काय खरं नाही हो," तो म्हणाला. "टाच धरलीय. निवांत पळायचं, पाऊस बघायचा."

"माझंही तेच," साहेब म्हणाले. "पोटरी आखडलीय. आज नुसती मजा करायची."

एवढं बोलून दोघेही, एकमेकांना "तुम्ही व्हा पुढं" म्हणत, कोपराने वाट काढत पहिल्या रांगेकडे सरकले.