कळसूबाईच्याही वरून

दार-ए-सलाम

ती. आई-दादांस,


आम्ही सगळे खुशाल आहोत, गुडघे सोडून. इथल्या मराठी मंडळींबरोबर किलिमांजारोवर जाऊन आलो हे फोनवर सांगितलंच, पण दादा म्हणाले, फोनवर नुसती खरखर ऐकू येते, नीट लिहून कळव. म्हणून मंदारा ते होरोम्बो या दोन मुक्कामांमधल्या दिवसाची हकीकत लिहिते. त्याच्या आदल्या दिवशी नुसता पाऊस होता आणि पावसाचं राजूरच्या माणसांना काय सांगायचं!

दादा, बारीहून निघून, लोखंडी शिड्या चढून तुम्ही कळसूबाईच्या पायाशी पोचता तेव्हा 1646 मीटरवर असता. इथे चढाई सुरू होते ते मारंगूचं प्रवेशद्वारच त्याहून उंचावर आहे. म्हणजे तुमचं शिखर संपतं त्याच्याही वर आमची पावती फाडतात. हे लिहू नकोस, दादांना राग येईल, असं तुमच्या जावयांनी बजावलं होतं. म्हणून पहिल्यांदा तेच लिहिलं.

मंदाराच्या लाकडी झोपड्या 2720 मीटरवर आणि होरोम्बोच्या 3720 वर. मधली चढण बरीच लांबवर पसरलेली, त्यामुळे कळसूबाईसारखी अंगावर येत नाही. जावयांनी नकाशा पाहिला, "एवढंच?" म्हणाले आणि पुणेरी आत्मविश्वासाने सुटले. आमचा वाटाड्या मारंगूचाच, चग्गा समाजातला. तो मागून शांतपणे म्हणाला, "पोले पोले." म्हणजे सावकाश. थोड्या वेळाने पुन्हा, "पोले पोले." शेवटी तो स्वतःच पुढे झाला आणि त्याने अशी चाल धरली की आमच्या धाकट्याने मधे बसून दोन्ही बुटांतले खडे झटकले, नाड्या बांधल्या, तरी तो मागे पडला नाही. या उंचीवर घाई करणाऱ्याचं डोकं धरतं, उलट्या होतात, आणि चांगले दणकट गडी परत फिरतात. जावई त्यानंतर रांगेत शहाण्यासारखे चालले.

आम्ही असे सरपटत असताना मागून हमाल यायचे, हसून "जांबो" म्हणायचे आणि भराभरा पुढे निघून जायचे. पाठीवर स्वतःची पिशवी, डोक्यावर आमची. एकाच्या डोक्यावर अंड्यांचे ट्रे दोरीने बांधलेले होते. त्याने वाटेतला ओढा दगडांवर पाय देत ओलांडला, हात न लावता. मी काठी टेकून, दोघांचा हात धरून ओलांडला. एकाला 20 किलोंपेक्षा जास्त ओझं द्यायचं नाही असा नियम आहे आणि खाली काट्यावर तोलून बघतात. मला पायथ्याच्या पाचनईहून ओझी वर नेणाऱ्या बायका आठवल्या. हरिश्चंद्रगडावर देवळापाशी गरम पिठलं-भाकरी मिळते, तेव्हा पीठ, कांदे, तेल वर कुणाच्या डोक्यावरून आलं हे कोण विचारतं? उलट शहरातली पोरं भाकरीमागे दहा रुपयांची घासाघीस करतात. मला तर तेव्हाही राग यायचा.

झाडी संपली, झुडपं आली आणि एकदम समोर किलिमांजारोचा माथा, किबो, डोक्यावर बर्फ घेऊन. शेजारी मावेंझीचे काळे सुळके, अगदी आपल्या अलंग-मदनच्या वळणाचे. आई, तू विचारलं होतंस ना, वर देवी कोणती? देवी नाही गं, नुसती पाटी आहे, 5895 मीटर लिहिलेली. पण किबोवरच्या त्या शिखराचं नाव उहुरू, म्हणजे स्वातंत्र्य. 1961 च्या डिसेंबरात टांगानिका स्वतंत्र झाला तेव्हा वर मशाल पेटवली होती. तेव्हा हात जोडायला हरकत नाही.

होरोम्बोला पोचल्यावर चहा आणि ताज्या लाह्या मिळाल्या, मक्याच्या. नंतर काकडीचं सूप. काकडीचं, आई! तेही गरम. मी निमूटपणे तुझी शेंगदाण्याची चटणी घातली आणि सगळ्या टेबलाने वाडगी पुढे केली. राजूरचे पेढेही काढले. वाटाड्याने एक खाल्ला आणि लगेच दुसऱ्यासाठी हात पुढे केला. तेव्हा मात्र पोले पोले नव्हतं.

मग तो बोटाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू मोजू लागला आणि आमच्या गटाची जातकुळी उघडी पडली. दहावीचा निकाल लागल्यासारखे सगळे एकमेकांना टक्के विचारू लागले. मला 89. जावयांना 84. त्यांनी बोट बदलून फेरतपासणी मागितली. 83.

झोपडी तिकोनी, उठून बसलं की डोकं छपराला लागतं. रात्री बाहेर जायचं म्हणजे कपाळावर दिवा बांधून थंडीत उतरणीवर चालायचं. म्हणून संध्याकाळनंतर पाणी पिण्याबाबत सगळेच विचारी झाले होते. वाटाड्या मात्र पाणी प्या, पाणी प्या म्हणत प्रत्येकाच्या मागे फिरत होता.

दादा, नवरात्रात कळसूबाईला जाल तर गुडघ्याला पट्टा बांधा आणि शिड्यांवर पोरांशी शर्यत लावू नका. येणाऱ्या कुणाबरोबर थालीपिठाची भाजणी पाठवा आणि चटणीही, ती संपली आहे.

तुमची,
बेबी

ता. क. जावई ऑफिसात "किलिमांजारो केला" एवढंच सांगतात. आम्ही होरोम्बोहूनच माघारी आलो, हे राजुरात कुणाला बोलू नका.