तहकुबीच्या अर्जास अनावृत पत्र

श्री. तहकुबी अर्जसाहेब,
मुक्काम : मिळेल ते कोर्ट

सा. न. वि. वि.

आपली कर्तबगारी आम्ही जाणून आहोत. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं मुलांसाठी काय करायचं बाकी ठेवलं होतं? वकिलानं मुलाला थेट प्रश्न विचारायचा नाही, न्यायाधीशांमार्फत विचारायचा. आरोपी मुलाच्या नजरेस पडू द्यायचा नाही. घरचं माणूस जवळ, मध्ये मध्ये विश्रांती, पुन्हा पुन्हा हेलपाटे नाहीत. न्यायालयानं गुन्ह्याची दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष. एवढा सगळा बंदोबस्त आपण एका पानात निकालात काढता, याला म्हणतात हातोटी!

समजा, गोंदियाकडचं एक कुटुंब रोलिंग मिलच्या कामासाठी रायपूरजवळ उरल्यात राहतंय. मुलगी आठ वर्षांची. पेशीच्या दिवशी आईचा खाडा, बापाची पाळी दुसऱ्याच्या गळ्यात, पोरीची शाळेला दांडी. भनपुरीवरून ऑटोनं कचहरी चौक. साडेअकरापासून बाकावर. डब्यातली पोळी तिथंच खायची, कारण नेमका तेवढ्यात पुकारा झाला तर? दीड वाजता पुकारा होतो आणि आत आपण हजर : ‘वकीलसाहेब बाहेरगावी आहेत, मुदत मिळावी.’ मिळते. आपल्याला कधी रिकाम्या हातानं परतलेलं कुणी पाहिलंय?

आता आपली खरी करामत. घरी येऊन आईनं काय करायचं? पोर हळूहळू विसरू लागली, खेळू लागली, तर तिला खेळू द्यायचं की तारीख जवळ आली म्हणून पाढ्यांसारखं ते सगळं पुन्हा म्हणवून घ्यायचं? विसरली, तर उलटतपासणीत ‘जबाबात विसंगती’. जसंच्या तसं आठवलं, तर ‘घरच्यांनी पढवलेली साक्ष’. दोन्ही बाजूंनी आपलीच फत्ते! आठव्या वर्षीचं अकराव्या वर्षी सांगायचं, तेही वेळ, रंग, दाराच्या कडीसकट.

महाराष्ट्रातल्या एका मूकबधिर मुलीची साक्षच झाली नाही म्हणून उच्च न्यायालयानं आरोपीला सोडलं होतं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला आणि प्रत्येक उच्च न्यायालयाच्या हद्दीत अशा साक्षीदारांची साक्ष नोंदवायला किमान दोन केंद्रं तीन महिन्यांत उभारा म्हणून सांगितलं. २०२२ मध्ये, पुन्हा महाराष्ट्रातल्याच प्रकरणात, तेच काम पुढं रेटायला न्या. गीता मित्तल यांची समिती नेमावी लागली. तीन महिन्यांचं काम चार वर्षांतही पुरं झालं नव्हतं; आपले गुण सरकारी यंत्रणेलाही लागले म्हणायचे.

उगाच एकट्या बचावाच्या वकिलांना बोल लावत नाही. तपास अधिकारी बंदोबस्तावर, प्रयोगशाळेचा अहवाल यायचा बाकी, हे यजमान सरकारी बाजूचेच. आरोपीला उलटतपासणीचा हक्क आहे आणि तो हवाच. फक्त ती आज व्हावी, पोर समोर आहे तेव्हा.

आणि हो, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४६ नुसार तहकुबी देताना खर्च लावता येतो, हे आपल्या कानावर असेलच. तेव्हा पुढच्या खेपेस याल ते दोन माणसांची दिवसाची मजुरी आणि ऑटोचं येण्याजाण्याचं भाडं घेऊनच या. रोख.

आपला,
बाकावरचा एक