बॉटलनेक बापू

कॉम्प्युटर घ्यायचाय, असं कुणी नुसतं पुटपुटलं तरी ते बापूच्या कानावर जातं. मग तो संध्याकाळी हजर होतो, पंख्याखालची खुर्ची धरतो आणि विचारतो, "बजेट?" आकडा ऐकून त्याचा चेहरा पडतो. आकडा कितीही असो. साठ हजारवाल्याला तो म्हणतो, "अजून दहा घाल, मग मशीन होईल." तीन लाखवाल्यालाही हेच, फक्त दहाचे पन्नास होतात. दिवसा हाच बापू डोंबिवलीच्या एका पतपेढीत वसुली बघतो आणि थकबाकीदारांना हौसमौज आवरा म्हणून दम भरतो.

त्याची लाडकी शिवी म्हणजे बॉटलनेक. प्रोसेसर दांडगा आणि ग्राफिक्स कार्ड लेचंपेचं, किंवा उलट, म्हणजे एकानं दुसऱ्याला अडवून धरलं. हे निदान तो कॉम्प्युटरपुरतं ठेवत नाही. पंगतीत आमटीचा वाढपी एकच, बॉटलनेक. जिन्यात लावलेली सायकल, बॉटलनेक. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत त्यानं थेट सेक्रेटरींनाच बॉटलनेक म्हटलं. सेक्रेटरींना अर्थ लागला नाही, त्यामुळे इतिवृत्तात 'सेक्रेटरींच्या कामाचा गौरव करण्यात आला' अशी नोंद झाली.

पण बापूला विषय कळतो, हे मान्य करायलाच हवं. गेमला ढीगभर कोर असून उपयोग नसतो, त्याला प्रोसेसरची कॅश लागते. म्हणून रायझन ७ ९८००एक्स३डी हा आठच कोरचा गडी ९६ एमबी कॅशच्या जोरावर गेममध्ये दुप्पट कोरवाल्यांना पाणी पाजतो. रेंडरला जुंपला की त्यालाच धाप लागते, तिथे सोळा कोर हवेत. त्यात लग्नाचं शूटिंग करणारे हल्ली दहा बिटांचं ४:२:२ फुटेज आणतात. ते टाइमलाइनवर अडखळू नये म्हणून इंटेलचं क्विक सिंक तरी असावं, नाहीतर एनव्हिडियाचं ५० मालिकेतलं कार्ड. हे सगळं बापू एका श्वासात सांगतो आणि श्वास घ्यायला थांबतो तेव्हा समोरच्याचा चहा गार झालेला असतो.

खरी अडचण वेगळीच. गेमिंगसाठी पैसे मागितले तर कुठलाही बाप देत नाही. म्हणून पोरं घरी 'एडिटिंगसाठी' असं सांगतात, आणि ते पटवून द्यायला बापूला बोलावतात. आमच्या भागात एडिटिंगसाठी जेवढी मशीनं आली तेवढे सिनेमे निघाले असते, तर कोल्हापूरची चित्रनगरी उचलून डोंबिवलीला आणावी लागली असती.

मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे असाच खटला उभा राहिला. काका रेल्वेत मोटरमन होते, आता निवृत्त. चष्मा लावून त्यांनी बापूची एक्सेल शीट ओळीओळीनं तपासली.

"हे कार्ड कशाला? एडिटिंग तर मोबाइलवर होतं."

"काका, रंग दुरुस्त करायचे तर कार्डाची मेमरी लागते. हे ५०७० टीआय आहे, १६ जीबीचं. मी ५०९० सांगतच नाहीये. ते एकटं ५७५ वॉट खातं."

आतून वहिनींचा आवाज आला (बापूबरोबर त्याही येतात, त्याला वेळेवर परत न्यायला), "आमचा मिक्सर पाचशेचा आहे. पण तो निदान चटणी तरी करतो."

काकांनी बोट पुढे सरकवलं. "आणि हे रंगीत दिवे?"

पोरगं खिडकीबाहेर बघू लागलं. बापू मात्र हलला नाही. "काका, पंख्यालाच येतात ते. वेगळे पैसे नाहीत." हे काही अगदी खरं नव्हतं.

खरेदी अर्थात लॅमिंग्टन रोडवर. रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण त्या नावानं तिथे रॅम मागायला कुणी जात नाही. दादरला गाडी बदलून, ग्रँट रोडला उतरून बापू झपझप चालत असतो आणि मागे काका, पोरगं आणि रिकाम्या पिशव्या. काउंटरवरचा माणूस कॅल्क्युलेटर उलटा करून भाव दाखवतो, बापू तो न बघताच मान हलवतो. बिनबिलाचा भाव तो ऐकूनही घेत नाही. "अठरा टक्के गेले तर गेले. उद्या वॉरंटीला सिरीयल नंबर घेऊन कुणाच्या दारात उभा राहू?" दुकानदारानं रॅमच्या सोळा-सोळाच्या चार पट्ट्या पुढे केल्या, तेव्हा मात्र बापूचा आवाज चढला. या बोर्डांवर चार पट्ट्या भरल्या की वेग खाली येतो, चौसष्ट हवेत तर बत्तीसच्या दोन द्या. दुकानदारानं मुकाट्यानं दोन काढल्या. माझ्या मते त्या दिवशीची फी बापूनं तिथेच वसूल करून दिली. म्हणजे त्यानं फी घेतली असती तर.

जुळणी काकांच्या जेवणाच्या टेबलावर झाली. बापूनं आधी पॉवर सप्लायच्या पत्र्याला हात लावून अंगातली वीज उतरवली, कूलरच्या तळाचा प्लास्टिकचा पापुद्रा सोलून सगळ्यांना दाखवला (हा तसाच ठेवणारे महाभाग असतात) आणि थर्मल पेस्टचा एकच थेंब प्रोसेसरच्या मधोमध सोडला. पोरगं म्हणालं, फुलीच्या आकारात लावतात. बापूनं नुसतं बघितलं.

बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा काळा. एक मिनिट गेलं, दोन गेली. काकूंनी देवासमोर दिवा लावला. पोरगं रडायच्या बेतात. काका म्हणाले, "दुकानदाराला फोन लावा."

बापू पोहे खात होता. "हात लावू नका. मेमरी ट्रेनिंग चाललंय. डीडीआर ५ पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड रॅम तपासून बघतो, वेळ लागतो."

"यंत्राला ट्रेनिंग?"

"पहिल्यांदाच."

काकांना हे एकदम पटलं. "बरोबर आहे. आम्हालाही ट्रेनिंगशिवाय गाडीला हात लावू देत नव्हते," असं म्हणून त्यांनी खुर्ची ओढली आणि ते पडदा उजळेपर्यंत शांत बसून राहिले.

आता बापूचं स्वतःचं मशीन. ते नाही. बापूचं धोरण थांबण्याचं आहे. २०२१ मध्ये क्रिप्टोवाल्यांनी कार्डांचे भाव आभाळाला भिडवले तेव्हा तो थांबला. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं खाणकाम बंद झालं, जुन्या कार्डांचे भाव कोसळले, आणि बापूचं म्हणणं खरं ठरलं. तिथेच घात झाला. तेव्हापासून तो नव्या पिढीसाठी थांबतो, ती आली की भाव उतरण्यासाठी थांबतो, भाव उतरले की पुढच्या पिढीची बातमी येते. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी एवढी वाढवली की रॅमचे भाव दुपटीच्याही वर गेले. बापूनं ज्यांना थांबवून ठेवलं होतं ते त्याला जिन्यात गाठू लागले. तो महिनाभर लिफ्टनं येत-जात होता.

या सगळ्या वर्षांत त्यानं स्वतःसाठी एकच वस्तू घेतली, पुढून जाळीचा कॅबिनेट. तो रिकामाच आहे. वहिनी त्यात कांदे ठेवतात. बापूनं एकदाच हरकत घेतली, तर त्या म्हणाल्या, "तुम्हीच म्हणाला होतात, एअरफ्लो उत्तम आहे. एक कांदा सडलेला नाही."

काकांच्या घरात त्यानं पोराला एक कानमंत्र दिला होता: गेम चालू असला तरी मागे टाइमलाइन उघडी ठेवायची. मावसभावाच्या मुंजीची तीच ती क्लिप महिनोन्‌महिने पडद्यावर कापली जात होती. काका डोकवायचे, मातृभोजन चाललेलं बघायचे आणि समाधानानं परत जायचे.

परवा रात्री साडेदहाला काकांनी बापूचं दार वाजवलं. पोरगं कॉलेजच्या सहलीला गेलेलं. काकांनी आधी आत वहिनी आहेत का बघितलं, मग आवाज खाली आणला. "बापू, त्या मशीनमध्ये आगगाडी चालवायचा एक खेळ सापडला. ब्रेक अगदी खऱ्यासारखा लागतो रे. फक्त पावसात सिग्नल लांबून नीट दिसत नाही. वरचं कार्ड घेतलं तर फरक पडेल?"

बापू लॅपटॉप उघडू लागला.

"आणि हिला," काका जिन्याकडे बघत म्हणाले, "एडिटिंगच सांगायचं ना?"